सॅच्युरेशन ९०, फ्लो वाढवू का?

ए-३०२: बाबांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) मिनिटाला २ लिटरवर, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९०. ९८ यावं म्हणून ४ वर नेऊ का?

सी-१०४: नको ताई. सीओपीडीत डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ च ठेवायला सांगतात. काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, जादा ऑक्सिजनने तो आणखी वाढतो. सकाळी डोकं दुखणं, दिवसा गुंगी, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. ऑक्सिमीटर ते दाखवत नाही, उलट आकडा झकास दिसतो.

ए-३०२: पण आज दुपारी ८५ झालं होतं 😟

बी-६०१: बोटं गार असली तरी चुकीचा आकडा येतो, हात चोळून परत बघा. खरंच कमी असेल तर नॉबच्या आधी गळती शोधा. नाकातली टोकं पेल्यातल्या पाण्यात बुडवा. बुडबुडे नाहीत? मग नळी कुठेतरी दुमडलीय किंवा ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या) बाटलीचं झाकण तिरकं बसलंय. बाटली काढून नळी थेट मशीनला लावली की लगेच कळतं. नंतर टोकं पुसून, पाणी झटकून मगच नाकात.

सी-१०४: बुडबुडे आले म्हणजे ऑक्सिजन पुरेसा आला असं नाही हं. मशीनमधला झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो, म्हणून बाहेर ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन मिळतो. झिओलाइटला ओल लागली की बुडबुडे तेवढेच, पण शुद्धता घसरलेली. ती टेक्निशियनकडून मोजून घ्या. फिल्टर आठवड्याला धुवायचा, पण पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही. मशीन भिंतीला किंवा पडद्याला चिकटवू नका. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर, रोज बदलून.

ए-३०२: रात्री झोपताना लावलं तर पुरे ना?

बी-६०१: दीर्घकाळासाठी लिहून दिला असेल तर दिवसाला किमान १५ तास. दम लागला की दहा मिनिटं, असं करून उपयोग नाही.

ए-५०३: आणि लाइट गेली तर?

बी-६०१: सिलिंडर भरलेला हवा. १५०० लिटरचा असेल तर २ लिटरच्या फ्लोवर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. काटा निम्म्यावर आला की वेळही निम्मा. रेग्युलेटरच्या आट्यांना तेल-ग्रीस अजिबात नाही, पेट घेतो. बाबांच्या ओठांना पेट्रोलियम जेलीही नको, पाण्यावर आधारलेलं जेल आणा. नळी काढली की मशीन बंद. चालू नळी अंथरुणात पडली तर चादरीत ऑक्सिजन भरतो, मग एक ठिणगी पुरते.

ए-३०२: झाकणच तिरकं होतं! आता बुडबुडे येतायत. ९१.

सी-१०४: मग नॉब २ वरच राहू द्या. परत ८८ च्या खाली जाऊन तिथेच राहिलं, किंवा बाबा गुंगीत वाटले, तर ग्रुपवर विचारत बसू नका, थेट डॉक्टर.