आधी वरचा बोल्ट, मग खालचा

जुन्या मारुती जिप्सीचा फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) टाकून डांबरी रस्त्यावर वळवली की गाडी अडखळते, म्हणून ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) खोलायला निघालात, ते तूर्त थांबवा. या गाडीत पुढच्या-मागच्या अॅक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, शाफ्ट पिळला जातो, कोरड्या रस्त्यावर टायरला घसरायला वाव मिळत नाही. हा बिघाड नव्हे. चिखलात किंवा वाळूत टाकून बघा, मग बोला.

त्यापेक्षा पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधल्या दोन्ही डिफरन्शियलचं तेल बघा. मी सेकंडहँड घेतली तेव्हा मागचं तेल दुधाळ चहासारखं निघालं. आधीच्या मालकाला ओढ्यात गाडी घालायची भारी हौस! गरम अॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची नळी) तुंबला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून तेल बदलताना ब्रीदरही साफ करा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

आणि हो, खालचा ड्रेन बोल्ट काढण्याआधी वरचा भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. माझा गंजून बसला होता, सगळं तेल आधीच काढून टाकलेलं. गाडी तीन दिवस अंगणात, आणि घरच्यांचे टोमणे वेगळे.

नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. ग्रीस कुठे लावायचं ते नंतर लिहितो, तोवर यूजॉइंटचे (शाफ्टच्या टोकांवरच्या सांध्यांचे) फोटो टाका.