स्वमग्नता आणि एडीएचडी : संशोधनात मुलांची काटेकोर विभागणी करावी का?

कावेरी : अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-४ या निदानपुस्तिकेनुसार (१९९४) स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला एडीएचडीचे, म्हणजे अवधान न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा या विकाराचे, वेगळे निदान देता येत नसे, त्याची चंचलता स्वमग्नतेतच धरली जाई. २०१३ च्या डीएसएम-५ ने ही अट काढली, पण संशोधकांची सवय पुरती सुटलेली नाही. 'निव्वळ' स्वमग्न किंवा 'निव्वळ' एडीएचडी असलेली मुले निवडायची आणि दोन्हींची लक्षणे असलेली गाळायची, ही पद्धत मला चुकीची वाटते, कारण दवाखान्यात येणाऱ्या स्वमग्न मुलांपैकी बऱ्याच जणांत दोन्ही लक्षणे असतात.

अवधानाची एक प्रचलित चाचणी पाहा. पडद्यावर एकामागून एक अक्षरे येतात आणि 'एक्स' सोडून प्रत्येक अक्षराला कळ दाबायची असते. एक मूल उतावीळपणे 'एक्स'लाही कळ दाबते, तर दुसऱ्याला सूचनेतला अपवादच नीट उमगलेला नसतो. गुणपत्रकात मात्र दोघांची चूक एकाच रकान्यात जाते. दोन्ही लक्षणे असलेली मुले अभ्यासात नसतील, तर हा फरक आपण शोधणार कुठे?

निरीक्षक : कावेरीताई, आपली तळमळ पटते, निष्कर्ष पटत नाही. गट सरमिसळ झाले की कोणता परिणाम कशामुळे झाला, हे सांगता येत नाही. शिवाय त्या नियमामुळे संशोधन थांबले होते असेही नाही. स्वमग्नतेच्या वर्णपटातील ७२ अतिचंचल मुलांना मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध देऊन केलेला अमेरिकेतील अभ्यास २००५ चा आहे. त्यात ४९ टक्के मुलांना गुण आला आणि १८ टक्क्यांना दुष्परिणामांमुळे औषध सोडावे लागले. केवळ एडीएचडी असलेल्या मुलांत गुण येण्याचे प्रमाण याहून बरेच जास्त असते. ही तफावत दिसली ती गट वेगळे ठेवल्यामुळेच.

कावेरी : तो अभ्यास माझीच बाजू मांडतो. ती मुले 'निव्वळ' कोणत्याच गटातली नव्हती. त्यांना गाळले असते, तर डॉक्टरांनी एडीएचडीच्या अभ्यासांवरून ठरलेली अपेक्षा ठेवूनच औषध दिले असते.

उत्तरायण : मला दोघांचीही मांडणी अपुरी वाटते. निदानाच्या नावावरून गट पाडण्याऐवजी प्रत्येक मुलाचे अवधान, आवेगावरील ताबा आणि सामाजिक संवाद स्वतंत्रपणे मोजावेत. जुळ्यांवरील अभ्यासांत दोन्हींच्या आनुवंशिक कारणांचा काही भाग सामाईक दिसतो, मग नावांची भिंत निसर्गाने घातली आहे असे का मानायचे?

निरीक्षक : मोजायचे, पण कशाने? थेट बोलत असतानाही मूल ऐकत नाहीसे वाटणे हे एडीएचडीच्या निकषांत आहे, आणि हाकेला प्रतिसाद न देणे ही स्वमग्नतेच्या सर्वांत आधी तपासल्या जाणाऱ्या खुणांपैकी एक आहे. पालक प्रश्नावलीत एकाच वागण्यावर दोनदा खूण करतात आणि आपण त्याला दोन्ही विकारांचे सहअस्तित्व म्हणतो. ही दुहेरी मोजणी किती आहे हे कळल्याशिवाय गटांच्या सीमा पुसणे मला धोक्याचे वाटते.

कावेरी : हा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. पण हाक ऐकूनही मूल का वळले नाही, मन दुसरीकडे भरकटले होते म्हणून की हाकेला उत्तर द्यायचे असते हेच त्याला जाणवले नाही म्हणून, हे प्रश्नावलीवरून कळणार नाही. त्यासाठी त्या मुलाचे प्रत्यक्ष निरीक्षण करावे लागेल, आणि त्याआधी त्याला अभ्यासात घ्यावे लागेल.