पॉलिपसह जुना सायनस: दुर्बीण की बलून?

नाकीनऊ:
चार महिने स्टिरॉइडचा स्प्रे मारून आणि मिठाच्या पाण्याने नाक धुऊनही नाक बंदच. वासही गेलाय. सीटी स्कॅनचा रिपोर्ट: दोन्ही गालांचे सायनस आणि एथमॉइड (दोन डोळ्यांच्या मधले सायनस) भरलेले, दोन्हीकडे पॉलिप (अस्तर सुजून लोंबणारे मऊ गोळे), नाकाचा पडदा डावीकडे वाकडा. दुर्बिणीतून ऑपरेशन करा असा सल्ला मिळालाय, पण बलूनचंही बरंच ऐकलं. नेमका फरक काय? पडदाही त्याच वेळी सरळ करतात का? आणि एवढं करून परत होतं म्हणतात, ते का?

अनुस्वार:
दोन्हीकडे पॉलिप आहेत ना, मग बलून बाजूला ठेवा. त्यात सायनसच्या तोंडात बारीक तार सरकवतात, तिच्यावरून फुगा नेऊन ५ ते ७ मिमीपर्यंत फुगवतात, काही सेकंद धरतात आणि काढून घेतात. तोंड रुंद होतं, पण आतलं काहीच निघत नाही. पॉलिप जागच्या जागी राहतात. शिवाय गाल, कपाळ आणि मागचा स्फेनॉइड यांना फुगा घालण्याजोगं तोंड तरी असतं. एथमॉइड म्हणजे मधाचं पोळं, त्यात फुगा कुठल्या कप्प्यात घालणार? पॉलिप नसतील आणि एखाद-दुसऱ्याच सायनसचं दुखणं असेल, तर बलून ठीक.

दुर्बिणीचं ऑपरेशन (FESS) नाकपुडीतूनच होतं, चेहऱ्यावर टाका नाही. पॉलिप मायक्रोडिब्रायडरने काढतात, म्हणजे फिरतं पातं आणि सक्शन एकाच नळीत. मग अन्सिनेट नावाची हाडाची पातळ कड काढली की गालाच्या सायनसचं मूळ तोंड दिसतं. ते मोठं करायचं आणि पुढून मागे जात एथमॉइडचे कप्पे उघडायचे.

यातली मेख अशी की अस्तरावरचे सूक्ष्म केस शेंबूड कायम मूळ तोंडाकडेच ढकलतात. भोक भलतीकडे पाडलं आणि मूळ तोंडाला जोडलंच नाही, तर शेंबूड एकातून बाहेर येतो नि दुसऱ्यातून आत जातो. स्कॅनवर भोक मोठं दिसतं, पेशंटची तक्रार मात्र तीच. दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागतं त्यामागे हे एक नेहमीचं कारण.

कातरवेळ:
पडदा वाकडा म्हणून सायनस होतो, असं सरसकट नसतं. पण त्या बाजूला दुर्बीण आणि हत्यार शिरायला जागा नसेल, किंवा नंतर औषध आत पोचणार नसेल, तर त्याच भुलीत सरळ करतात. टर्बिनेट (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचे मांसल उंचवटे) मात्र गरजेपुरतीच लहान करावीत. सपाट कापून टाकली तर नाक आतून मोकळं दिसतं आणि माणसाला गुदमरल्यासारखं वाटतं.

परत होण्याबद्दल: पॉलिप हा अस्तराच्या सुजेचा आजार आहे, ऑपरेशनने सूज मुळातून जात नाही. औषध आतवर पोचायला वाट होते, एवढंच. त्यामुळे स्प्रे नंतरही चालूच. दमा असेल किंवा ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी धाप लागत असेल तर पॉलिप परतण्याची शक्यता जास्त, हे सर्जनला आधीच सांगा. (एकाच बाजूचा सायनस भरलेला आणि घाण वास, असं असतं तर आधी वरच्या दाढा तपासायला सांगितलं असतं. दाढ तशीच ठेवून सायनस उघडला तर पैसे आणि भूल दोन्ही वाया.)

नाकीनऊ:
धोके कोणते? आणि घरी आल्यावर काय करायचं?

अनुस्वार:
एथमॉइडच्या एका बाजूला डोळा, वर मेंदू, आणि मधलं हाड कागदाइतकं पातळ. गंभीर इजा क्वचितच होते, पण सर्जन सीटी समोर लावून काम करतात ते यासाठीच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे ज्यांनी दिली त्यांनाच विचारा, मनाने बंद करू नका.

नंतर निदान एक आठवडा नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून. खाली वाकून जड उचलणं बंद. सर्जन सांगतील त्या दिवसापासून नाक धुवायचं: २४० मिली पाण्याला साधारण २ ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट केलेलं. नळाचं थेट वापरू नका, त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर बहुधा जिवावर बेततं. बाटलीही रोज धुऊन वाळवा.

कातरवेळ:
खपल्या काढायला बोलावतात ती तारीख चुकवू नका. खपली आणि गोठलेलं रक्त राहिलं की मधलं टर्बिनेट बाहेरच्या भिंतीला चिकटतं आणि उघडलेली वाट बुजते. पहिले काही दिवस लालसर पाणी गळणं अपेक्षित आहे. पण वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ थेंब-थेंब गळलं, डोळा सुजला, दोन-दोन दिसू लागलं किंवा नजर कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी फोन करा. डोळ्यामागे रक्त साठलं असेल तर हातात तासाभराचाच अवधी असतो.