शब्दचर्चा : स्पेक्ट्रम विकतात की मक्त्याने देतात?

दापोली : बातम्यांत कधी 'ध्वनिलहरींची विक्री' वाचतो, कधी 'स्पेक्ट्रम परवान्यांचा लिलाव'; स्पेक्ट्रम म्हणजे मोबाइल सेवा ज्यांवर चालते ते लहरींचे पट्टे. २०२२ साली ५जीच्या वेळी दीड लाख कोटींवर बोली गेली. एवढे पैसे घेऊन सरकारने नेमकं विकलं काय?

हर्णै : 'ध्वनिलहरी' आधी सोडा. ध्वनीला पसरायला हवा, पाणी असं काही माध्यम लागतं, या लहरी विद्युतचुंबकीय. 'रेडिओलहरी' चालेल. 'वारंवारता-पट्टा' जास्त नेमका, पण तो तोंडात बसत नाही. स्पेक्ट्रमच बरा.

आता विक्री. आमच्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, त्यामुळे लिलाव म्हटलं की माल घेणाऱ्याचा झाला असंच डोक्यात येतं. इथे तसं नाही. ५जीच्या लिलावातला स्पेक्ट्रम २० वर्षांसाठी दिलाय, मुदत सरली की हक्क संपला. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. याला आपला जुना शब्द 'मक्ता'. तरीचा, म्हणजे खाडीतून माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीचा, मक्ता घेणारा काही खाडी विकत घेत नसे.

वेंगुर्ले : मक्ता पटला, पण परवाना वेगळा काढा. २००८ मध्ये मोबाइल सेवेच्या परवान्याबरोबरच स्पेक्ट्रम मिळायचा, आणि तोही लिलावाविना : आधी येईल त्याला, २००१ च्या दराने. त्यातले १२२ परवाने न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केले. त्यानंतरच्या धोरणात दोन्हींची फारकत झाली. धंद्याचा परवाना निराळा घ्यायचा, स्पेक्ट्रम लिलावात. म्हणून 'परवान्यांचा लिलाव' आता ढिसाळ वाटतो.

लिलाव मूळचा पोर्तुगीज, 'लेलांव'वरून आलेला. जुन्या मराठीत 'हर्रास' होता, गोव्यात 'पावणी' म्हणतात. गंमत 'बोली'ची. २०२२ ला सात दिवसांत चाळीस फेऱ्या झाल्या, पण बोललं कुणीच नाही, सगळं संगणकावर.

दापोली : मक्ता लिहायला हरकत नाही हो, पण त्याच्या मागोमाग 'मक्तेदारी' येते ना! वाचणाऱ्याला वाटेल, सगळा स्पेक्ट्रम एकाच कंपनीला आंदण दिला.

हर्णै : हे खरं. शिवाय एका कंपनीने किती घ्यायचा यालाही मर्यादा असते, म्हणजे अर्थ अगदीच उलटा जाईल. मथळ्यात 'स्पेक्ट्रमचा लिलाव' ठेवा आणि पहिल्याच वाक्यात '२० वर्षांच्या वापराचा हक्क' असं लिहा. विक्री मात्र नको.