मदत हवी आहे: झाग्रेबच्या छतावरच्या प्राण्याला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. क्रोएशियाची राजधानी झाग्रेब इथल्या सेंट मार्क चर्चच्या फोटोंना मी मराठी ओळी लिहितेय आणि एका शब्दापाशी अडकलेय.

चर्चच्या छतावर रंगीत कौलांनी दोन मोठ्या ढाली रेखल्या आहेत. १९व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या जीर्णोद्धारात बसवलेलं हे काम फार देखणं आहे! उजवीकडे झाग्रेबचा तीन बुरुजांचा किल्ला. डाव्या ढालीत तीन प्रांत एकत्र: क्रोएशियाचा लाल-पांढरा बुद्धिबळाचा पट, डाल्मेशियाची बिबट्यांची तीन मुंडकी आणि स्लाव्होनियाचा दोन नद्यांमधून धावणारा 'कुना'. नद्या म्हणजे साव्हा आणि द्रावा.

हा कुना म्हणजे इंग्रजीतला मार्टेन, लांबट अंगाचा, दाट केसांचा छोटा शिकारी प्राणी. मध्ययुगात तिथे त्याच्या कातड्याने कर भरत, म्हणून २०२२ अखेरपर्यंत चलनाचं नावही कुनाच होतं.

मैत्रीण म्हणते 'ऊदमांजर' लिही. पण ते सिव्हेट, कुळच वेगळं. मुंगूसही नाही पटत. नेमका मराठी शब्द आहे का, की 'मार्टेन'च ठेवू? आणि 'कोट ऑफ आर्म्स'ला, म्हणजे ढालीवरच्या अशा अधिकृत चिन्हाला, प्रांतासाठी राजचिन्ह बरं की मानचिन्ह? कुलचिन्ह मला घराण्यापुरतं वाटतं. जाणकारांनी कृपया सांगा.