लीडर सरळ का होत नाही?

फ्लाय-फिशिंगमध्ये (फ्लाय म्हणजे किड्यासारखं दिसणारं खोटं आमिष) मुख्य दोरी आणि फ्लाय यांच्यामधला, टोकाकडे बारीक होत जाणारा नायलॉनचा धागा म्हणजे लीडर. पाकिटातून काढलेला लीडर स्प्रिंगसारखा वेटोळाच राहतो, ही तुमची तक्रार खरी आहे. नायलॉनला गुंडाळीची सवय लागते. चिमटीत धरून सावकाश ओढत न्या. बोटांना ऊब जाणवली की पुरे. खसाखस घासलात तर उलट आणखी कुरळा होतो.

हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर ट्राउट माशासाठी मी ९ फुटी, ५एक्स लीडर वापरतो. ५एक्स म्हणजे टोक किती जाड? ११ मधून ५ वजा, इंचाचे ६ सहस्रांश. फ्लाय बदलताना दरवेळी टोक कापलं जातं, जाड भाग पुढे येतो आणि फ्लाय धपकन पडते. तेव्हा नवा टिपेट, म्हणजे टोकाचा बारीक धागा, जोडा. गाठ आवळण्याआधी थुंकी लावायची (हो, थुंकीच!), कोरडी आवळली की तिथेच तुटते. फ्लाय फेकताना लीडरला आपोआप पडलेली गाठ दिसली तर आळस नको, कापाच. माझा सगळ्यात मोठा ब्राऊन ट्राउट अशाच गाठीतून निसटला.