मदत हवी: रॉबिन रॉबर्ट्सच्या होमरनची तुलना नेमकी कशी करावी?

बेसबॉलमधल्या फिलाडेल्फिया फिलीज संघाचा जुना पिचर (चेंडू टाकणारा) रॉबिन रॉबर्ट्स (कारकीर्द 1948 ते 1966) याने 4688 इनिंग्जमध्ये 505 होमरन दिले (त्याच्या चेंडूंवर फलंदाजांनी थेट मैदानाबाहेर मारलेले फटके), म्हणजे दर 9 इनिंग्जला, एका पूर्ण सामन्यामागे, साधारण 0.97. त्याच काळातला पिचर वॉरन स्पान याचे 5243 इनिंग्जमध्ये 434, म्हणजे 0.74. पण स्पानची मैदानं वेगळी, शिवाय तो डावखुरा, त्यामुळे दोघांचीच तुलना मला पटत नाही.

म्हणून प्रत्येक वर्षाचा नॅशनल लीगचा (दोन मोठ्या लीगपैकी फिलीजची; दुसरी अमेरिकन लीग) होमरनचा दर घेऊन त्याला रॉबर्ट्सच्या त्या वर्षीच्या इनिंग्जचं वजन दिलं. मैदानाचा परिणाम मात्र तसाच राहतो. तो काढायला फिलीजच्याच बाकीच्या पिचरांशी तुलना करून पाहिली, तर तिथे दुसरीच पंचाईत: 1950 ते 1955 हा पठ्ठ्या दरवर्षी 300च्या वर इनिंग्ज टाकत होता, उरलेल्यांत बरेचसे किरकोळ.

1962 पासूनची अमेरिकन लीगमधली वर्षं तूर्त सोडली आहेत. एक्सेल येतं, कोडिंग नाही.

लीगच्या सरासरीतून रॉबर्ट्सचे स्वतःचे आकडे वगळावेत का? आणि मैदानासाठी फक्त बाहेरच्या सामन्यांचे आकडे धरले तर चालेल, की पार्क फॅक्टर (मैदानाचा परिणाम काढून टाकणारा गुणक) लावावाच लागेल?